यीस्टचे विरजण

सुरुवातीला एक सोपे गणित सोडवू या. यीस्टची एक पेशी आहे. भरपूर अन्न आणि मानवेल असे तापमान मिळाले, तर साधारण दोन तासांत तिच्या दोन पेशी होतात. चार तासांत चार, सहा तासांत आठ. चोवीस तासांनी किती होतील? बारा वेळा दुप्पट केल्यास उत्तर येते ४,०९६. आणखी एक दिवस गेला, की याच संख्येचा वर्ग, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक!

हे गणित खरे मानले, तर एक गमतीदार निष्कर्ष निघतो. एखादा गोड द्रव आंबवायचा असेल, तर त्यात यीस्ट थोडे घातले काय आणि पुष्कळ घातले काय, फरक पडलाच तर काही तासांचा पडावा. दहापट कमी यीस्ट घातले, तर साडेतीनहून थोड्या कमी दुपटींचा, म्हणजे सुमारे सात तासांचा उशीर. बस्स, इतकेच.

पण ज्यांचे सारे काम यीस्टच्या भरवशावर चालते, ते बीअर तयार करणारे लोक हा निष्कर्ष मान्य करीत नाहीत. विशेषतः कडक बीअर करायची असेल, तर ते मुख्य पिंपाला हात लावण्यापूर्वी एक-दोन दिवस लहानशा भांड्यात यीस्ट वाढवून घेतात. इंग्लंड-अमेरिकेत याला ‘स्टार्टर’ म्हणतात. आपण त्याला यीस्टचे विरजण म्हणू. गणित तर चुकलेले नाही, मग हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पेशीच्या आयुष्याबद्दल बरेच काही शिकायला मिळते.

गोड काढ्यात काय घडते?

बीअरचा कच्चा माल म्हणजे जव. जवाला मोड आणून ते वाळवतात. याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात काही विकरे तयार होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवले, की ही विकरे पिष्टाचे तुकडे करतात आणि माल्टोज नावाची शर्करा बनते. ग्लुकोजचे दोन रेणू हातात हात घालून उभे राहिले, की माल्टोजचा एक रेणू होतो. हा गोड काढा गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात आणि थंड करून त्यात यीस्ट सोडतात.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान असते. पेशीच्या अंगावर एक कोंब फुटतो, तो वाढतो आणि सुटा होऊन नवी पेशी बनतो. याला मुकुलन म्हणतात. ही पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार करते. वजनात सांगायचे, तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टच्या स्वतःच्या वाढीसाठी खर्च होते, म्हणून मद्यार्क याहून जरा कमी मिळतो.

नेहमीच्या बीअरच्या १०० ग्रॅम काढ्यात शर्करा आणि इतर विरघळलेले घटक मिळून सुमारे १२ ग्रॅम असतात. याला १२ प्लेटो अंश म्हणतात. (हा प्लेटो ग्रीक तत्त्वज्ञ नव्हे बरे का! फ्रिट्झ प्लेटो या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव आहे.) इंग्लंडमधील ‘बार्ली वाइन’, जर्मनीतील ‘डॉपेलबॉक’ किंवा बेल्जियममधील मठांच्या काही कडक बीअर यांचा काढा याहून बराच दाट असतो. बार्ली वाइनचा काढा २२ अंशांपर्यंत सहज जातो. पहिल्या प्रकारात शेवटी मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने सुमारे ५ टक्के होते, तर अशा दाट काढ्यात ते ९-१० टक्क्यांपर्यंत पोचते.

पेशी लागतात किती?

एल या प्रकारच्या बीअरसाठी एक ढोबळ नियम वापरतात. काढ्याच्या प्रत्येक मिलिलिटरला, प्रत्येक प्लेटो अंशामागे साडेसात लाख जिवंत पेशी हव्यात. थंड तापमानाला आंबणाऱ्या लागर बीअरसाठी हाच आकडा सुमारे दुप्पट धरतात.

आता घरी बीअर करणाऱ्या एखाद्या इंग्रजाचे किंवा अमेरिकनाचे २० लिटरचे भांडे घ्या. (ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बीअरवरील परवान्याची अट उठली आणि अमेरिकेत १९७८ साली कायद्याने तिला मुभा मिळाली. तेव्हापासून तेथे हा अनेकांचा छंद झाला आहे.) साध्या १२ अंशांच्या काढ्याला दर मिलिलिटरमागे ९० लाख, म्हणजे एकूण १८,००० कोटी पेशी लागतील. २२ अंशांच्या काढ्याला दर मिलिलिटरमागे १ कोटी ६५ लाख, म्हणजे एकूण ३३,००० कोटी. आणि बाजारात मिळणाऱ्या ओल्या यीस्टच्या एका ताज्या पाकिटात असतात सुमारे १०,००० कोटी! शिवाय पाकीट जितके जुने, तितक्या त्यातील जिवंत पेशी कमी.

म्हणजे कडक बीअरला पाकिटातील यीस्टच्या तिपटीहून अधिक यीस्ट हवे. पण तुम्ही लगेच म्हणाल, “तिप्पट म्हणजे दोन दुपटीसुद्धा नाहीत. चार तासांत होतील की! त्या मोठ्या भांड्यातच का होऊ नयेत?” शंका अगदी रास्त आहे.

गणित अडते कोठे?

दुपटीचे गणित करताना आपण गृहीत धरले होते, की नवी पेशी हुबेहूब जुन्या पेशीसारखी आणि तितकीच धडधाकट असते. नेमके हेच गृहीत फसवे आहे.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर टाकायचे, हे ते ठरवते. या पटलाला लवचीक आणि बळकट ठेवण्यासाठी यीस्टला अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ आणि काही असंतृप्त मेदाम्ले लागतात. अर्गोस्टेरॉल हे आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉलचे भावंड समजा. आता खरी गोम पाहा. यीस्ट प्राणवायूवाचून आंबवण्याचे काम करू शकते, पण हे स्निग्ध पदार्थ प्राणवायूवाचून बनवू शकत नाही! आंद्रेआसेन आणि स्टायर या दोन शास्त्रज्ञांनी १९५३-५४ मध्ये दाखवून दिले, की हवा पूर्ण बंद केलेल्या भांड्यात यीस्ट वाढवायचे असेल, तर हे पदार्थ तयार स्वरूपात पुरवावे लागतात.

थंड काढा चांगला घुसळला, की त्यात थोडा प्राणवायू विरघळतो. २० अंश सेल्सियसला साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. काढा जितका दाट, तितका तो कमी मावतो. यीस्ट तो काही तासांत संपवून टाकते. त्यानंतर भांड्यात फक्त कार्बन डायऑक्साइड. म्हणजे पहिल्या काही तासांत जी शिदोरी बांधली, तिच्यावरच पुढचा सारा प्रवास.

ही शिदोरी कशी खर्च होते? आईपेशी आपल्या पटलातील स्टेरॉल मुलीला वाटून देते. दोघींकडे निम्मे निम्मे. पुढच्या पिढीत निम्म्याचे निम्मे. हवेवर पोसलेल्या यीस्टच्या कोरड्या वजनात सुमारे १ टक्का स्टेरॉल असते आणि ते ०.१ टक्क्याच्या आसपास आले, की वाढ थांबते. १, ०.५, ०.२५, ०.१२५... म्हणजे साधारण तीन पिढ्यांतच शिदोरी संपत आली!

आता पुन्हा गणिताकडे वळू. समजा, कडक बीअरचा काढा आंबवताना पेशींची संख्या शेवटी दर मिलिलिटरला १० कोटींवर पोचायला हवी. पूर्ण विरजण घातले, तर सुरुवात १ कोटी ६५ लाखांपासून होते आणि सहापट वाढ पुरते. ही अडीच दुपटींच्या आसपासची वाढ शिदोरीत बसते. नुसते एक पाकीट घातले, तर सुरुवात होते ५० लाखांपासून. वाढ हवी वीसपट, म्हणजे चारांहून अधिक दुपटी. शिदोरी मध्येच संपते. शेवटच्या पिढीतील पेशी जन्माला येतात त्या अशक्त पटले घेऊन, आणि तीही कोठे? मद्यार्क वाढत चाललेल्या भांड्यात. मद्यार्क पटलांवरच घाव घालतो. पेशी एकामागून एक काम सोडतात आणि भांड्यात बरीच साखर तशीच उरते. बीअर करणारे म्हणतात, “किण्वन अडकले.” मागाहून आणखी यीस्ट घालून ते सहसा सुटत नाही, कारण नव्या पेशींना थेट मद्यार्काच्या डोहातच उडी घ्यावी लागते.

दाट साखरेचा ताण

दुसरी अडचण साखरेचीच. कैरीच्या फोडींना मीठ लावले, की पाणी सुटते, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिले असेल. ज्या बाजूचे द्रावण दाट, तिकडे पाणी पटलातून जाते. याला परासरण म्हणतात. मोरावळा महिनोन्‌महिने टिकतो तो याच कारणाने. दाट पाकात पडलेल्या सूक्ष्मजीवातील पाणी ओढले जाते आणि त्याची वाढ खुंटते.

बावीस अंशांचा काढा मोरावळ्याच्या पाकाइतका दाट नसतो, तरी त्यात पडलेल्या यीस्टचे पाणी ओढले जातेच. यीस्ट मग आपल्या शरीरात ग्लिसरॉल साठवून आतले द्रावण दाट करते आणि पाणी टिकवून धरते. युक्ती नामी, पण ग्लिसरॉल बनवण्यात साखर आणि शक्ती दोन्ही खर्ची पडतात. संख्येने थोड्या आणि आधीच थकलेल्या पेशींना हा खर्च परवडत नाही.

आगंतुक पाहुणे

तिसरे कारण तुमच्या आजीला पक्के ठाऊक आहे. विरजण फारच थोडे लावले, तर दही लागायच्या आधी दूध नासते. गोड काढ्यालाही हेच लागू पडते. हवेतून, भांड्यातून, हातांतून आलेले काही जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात, तर यीस्टला दोन तास लागतात. शर्यतीत यीस्टला जिंकवायचे, तर सुरुवातीलाच त्याची संख्या प्रचंड हवी. मोठी फौज एकदा उतरली, की ती थोड्याच वेळात प्राणवायू संपवते, काढा आंबट करते आणि मद्यार्क तयार करते. या तिन्ही गोष्टी पुष्कळशा आगंतुकांना मानवत नाहीत.

विरजण कसे करतात?

एक लिटर पाण्यात माल्टच्या अर्काची १०० ग्रॅम सुकी पूड विरघळवतात. म्हणजे हा काढा साधारण १० अंशांचाच असतो. तो शंकुपात्रात दहा-पंधरा मिनिटे उकळून निर्जंतुक करतात. मग झाकून खोलीच्या तापमानापर्यंत, सुमारे २० ते २५ अंश सेल्सियसपर्यंत थंड करतात. गरम काढ्यात यीस्ट घालणे म्हणजे ते शिजवणेच! थंड झाल्यावर यीस्ट घालून तोंडावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा सैलसर बसवतात. बूच घट्ट लावत नाहीत. वायू बाहेर जायला आणि हवा आत यायला वाट हवी.

यानंतर भांडे सतत हलते ठेवतात. काहीजण येता-जाता हाताने हलवतात. काहीजण भांड्यात एक लहानशी चुंबकपट्टी टाकून खालून फिरत्या चुंबकाने ती गरगर फिरवतात. त्यामुळे वायू बाहेर पडतो, हवा आत मिसळते आणि पेशी तळाशी न बसता अन्नात तरंगत राहतात. असे ढवळत ठेवले, तर एक ग्रॅम पुडीमागे साधारण १०० ते १५० कोटी नव्या पेशी मिळतात. न ढवळता ठेवले, तर पुष्कळच कमी. आपल्या उदाहरणात २३,००० कोटी नव्या पेशी हव्या होत्या. म्हणजे सुमारे दोन लिटर विरजण पुरे.

पहिले काही तास वरून काहीच घडताना दिसत नाही. पेशी नव्या अन्नाला लागणारी विकरे तयार करीत असतात. याला विलंबकाळ म्हणतात. मग झपाट्याने वाढ होते आणि काढा ताकासारखा गढूळ दिसू लागतो. एक-दोन दिवसांत साखर संपली, की वाढ मंदावते. आता भांडे शीतकपाटात ठेवले, की पेशी तळाशी बसतात. वरचे पाणी ओतून देऊन खालचा मलईसारखा थर मुख्य काढ्यात घालतात. मुख्य काढाही आधी भरपूर घुसळून प्राणवायूने भरून घेतलेला असतो.

विरजण सौम्य का?

तुमच्यापैकी कोणी विचारेल, की पुढे २२ अंशांच्या दाट काढ्यात लढायचे असेल, तर सरावही दाट काढ्यातच का नको? पैलवान नाही का जड मुद्गल फिरवून तयार होत?

येथे पैलवानाची उपमा लागू पडत नाही. विरजणाचा हेतू मद्यार्क मिळवणे हा नसून पेशी मिळवणे हा आहे. दाट काढ्यात त्यांच्यावर साखरेचा ताण, शेवटी मद्यार्काचा ताण, आणि वाढही थोडकी. सौम्य काढ्यात पेशी संख्येने आणि प्रकृतीने उत्तम राहतात.

यात आणखी एक बारकावा आहे. हवा मिळाली, की यीस्ट साखरेचे पूर्ण ज्वलन करून कितीतरी पट अधिक शक्ती मिळवू शकते आणि त्यामुळे तेवढ्याच साखरेत अधिक पेशी तयार होतात, हे लुई पाश्चरने १८६१ मध्येच दाखवले होते. पण पुढे असेही आढळले, की साखर मुबलक असली, तर यीस्ट हवा असूनही मद्यार्कच बनवत बसते. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. म्हणूनच पावासाठी यीस्ट बनवणारे कारखाने टाकीत हवा सोडतात आणि साखर मात्र थेंबाथेंबाने घालतात. बाळाला भरवताना आई घास लहान ठेवते, तसेच हे.

न दिसणाऱ्या पेशी मोजायच्या कशा?

कोट्यवधी पेशी कोणी मोजल्या? ज्या काचपट्टीने रोगनिदान प्रयोगशाळेत रक्तपेशी मोजतात, तीच येथे कामी येते. या पट्टीवर १ मिलिमीटर बाजूचा चौरस कोरलेला असतो आणि वरच्या काचेपर्यंतची खोली ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे चौरसावर मिलिलिटरचा दहाहजारावा भाग द्रव मावतो. समजा, विरजण १०० पट पातळ केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली चौरसात ८३ पेशी दिसल्या. तर ८३ गुणिले १०,००० गुणिले १००, म्हणजे दर मिलिलिटरला ८ कोटी ३० लाख पेशी. द्रवात मेथिलीन ब्ल्यू हा रंग मिसळला, तर मेलेल्या पेशी निळ्या दिसतात आणि जिवंत पेशी रंगहीन राहतात. केवढी सोपी युक्ती!

कोपनहेगनची गोष्ट

यीस्टच्या पेशी सर्वप्रथम पाहिल्या त्या हॉलंडच्या लेव्हेनहुकने, १६८० मध्ये. पण ते सजीव आहेत, हे त्याला उमगले नाही. १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले, की यीस्ट सजीव आहे आणि तेच मद्य बनवते. लीबिगसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञांनी या कल्पनेची थट्टा केली. पुढे पाश्चरने प्रयोगांनी वाद मिटवला आणि १८७६ मध्ये बीअरच्या बिघाडांवर एक ग्रंथच लिहिला. बीअर बिघडते ती जिवाणूंमुळे, असे त्याने दाखवले.

पण डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील बीअर जिवाणूंचा पत्ता नसतानाही बिघडू लागली. तेथील प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हान्सेन याला शंका आली, की दोष यीस्टमध्येच असावा. एकाच भांड्यात वेगवेगळ्या जातींचे यीस्ट मिसळलेले असेल आणि त्यातील एखादी रानटी जात घात करीत असेल तर? हे तपासायला हवी होती एका आणि एकाच पेशीपासून वाढवलेली प्रजा. हान्सेनने यीस्टचे पाणी इतके पातळ केले, की एका थेंबात सरासरीने एखादी पेशीही येऊ नये. मग ज्या कुपीत पुढे एकच ठिपका वाढला, ती प्रजा एकाच पेशीची! अशा रीतीने त्याने चांगली जात वेगळी केली आणि १८८३ मध्ये कारखान्यातील बीअर या शुद्ध यीस्टपासून बनू लागली.

आता त्या एका पेशीपासून पिंपेच्या पिंपे कशी भरायची? उत्तर तेच, टप्प्याटप्प्याने विरजण. दहा मिलिलिटरवरून शंभर, शंभरावरून एक लिटर, एकावरून दहा लिटर. आजही बहुतेक कारखान्यांत साधारण दहापटीच्या पायऱ्या घेतात, म्हणजे कोणत्याही पायरीवर फौज विरळ होत नाही. कार्ल्सबर्गने हे यीस्ट स्वतःपुरते न ठेवता इतर कारखान्यांनाही दिले. या लागर यीस्टला आज सॅकरोमायसिस पास्टोरियानस म्हणतात. ही जात दोन जातींचा संकर आहे. एक पालक आपल्या पावाचे यीस्ट आणि दुसरा पालक कोण, हे कोडे २०११ मध्ये सुटले. थंडी सोसणारी ती रानटी जात दक्षिण अमेरिकेत पातागोनियाच्या जंगलातील झाडांवर सापडली.

आपल्या अवतीभोवती

ही विद्या केवळ बीअरपुरती नाही. साखर कारखान्याच्या मळीपासून इथेनॉल बनवणाऱ्या आपल्याकडील आसवन्यांत परीक्षानळीतील यीस्ट अशाच पायऱ्यांनी वाढवत मोठ्या टाकीपर्यंत नेतात. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल असेही तयार होते. गोव्याचे पोदेर पूर्वी पावाचे पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत. ती सूर म्हणजे निसर्गाने लावलेले यीस्टचे विरजणच होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा दारूबंदी अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि वाढत्या वयात मद्य शरीराला अपायकारक आहे. आपल्याला यातील विज्ञान हवे आहे, आणि ते पावाच्या यीस्टवर तासाभरात पाहता येते.

करून पाहा

साहित्य: पावाचे सुके यीस्ट, साखर, अर्ध्या लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या, सहा सारखे फुगे, तापमापी, दोरा आणि मोजपट्टी.

पहिला प्रयोग: चार बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर कोमट पाणी (३५ अंश सेल्सियस) घ्या. पहिलीत साखर घालू नका. दुसरीत ५ ग्रॅम, तिसरीत १५ ग्रॅम आणि चौथीत ४० ग्रॅम साखर विरघळवा. प्रत्येकीत ३ ग्रॅम यीस्ट घालून हलवा आणि तोंडाला फुगा बसवा. चारही बाटल्या कोमट पाण्याच्या एकाच घमेल्यात ठेवा. दर दहा मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून आलेख काढा. साखर सर्वांत जास्त ती बाटली सर्वांत पुढे राहते का?

दुसरा प्रयोग: दोन बाटल्या घ्या. ‘अ’ बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर विरघळवून त्यावर ३ ग्रॅम सुके यीस्ट सरळ टाका. ‘ब’ बाटलीत तेवढेच यीस्ट आधी ३० मिलिलिटर साध्या कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजू द्या आणि मग ४० ग्रॅम साखर विरघळवलेले उरलेले ७० मिलिलिटर पाणी घाला. सुक्या पेशीचे पटल पहिली काही मिनिटे गळक्या मडक्यासारखे असते. तेवढा वेळ साधे पाणी मिळाले, तर काय फरक पडतो ते पाहा.

दक्षता: बाटलीला घट्ट झाकण कधीही लावू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते. प्रयोग तासाभरात संपवा, द्रव मोरीत ओतून द्या आणि बाटल्या धुऊन ठेवा.

विचार करा

१. दुसऱ्या प्रयोगात ‘ब’ बाटलीतील यीस्टला वीस मिनिटे जास्त मिळाली. मग तुलना न्याय्य व्हावी, यासाठी वेळ कोठपासून मोजाल? की प्रयोगाची रचनाच बदलाल?

२. एका आसवनीत दर मिलिलिटरला १० कोटी पेशी असलेले एक लिटर विरजण आहे. त्यापासून तेवढ्याच दाटीचे १,००० लिटर हवे आहे. दहापटीच्या किती पायऱ्या घ्याल? प्रत्येक पायरीवर किती दुपटी होतील? आणि प्रत्येक पायरीवर पेशींची स्टेरॉलची शिदोरी पुन्हा भरावी, म्हणून काय सोय कराल?

३. दही लावताना दूध घुसळून हवा भरावी लागत नाही, पण यीस्टच्या विरजणाला हवा लागते. दह्याच्या जिवाणूंचे आणि यीस्टचे प्राणवायूशी असलेले नाते कसे वेगळे असेल? वर्गात चर्चा करा आणि आपल्या शिक्षकांनाही विचारा.